२१ आठवड्यांत एओर्टिक झडपेवर वेग १.६ मीटर आला तर काय तपासायचं आणि काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी ॲनॉमली स्कॅन (गर्भातल्या बाळाची व्यंगं शोधणारी सोनोग्राफी) करताना २१ आठवड्यांच्या बाळाच्या एओर्टिक झडपेजवळ (शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या, म्हणजे एओर्टाच्या तोंडाशी) कलर डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोयीवर, रंगांची सरमिसळ दिसली आणि एकाच जागचा वेग मोजणाऱ्या पल्स डॉप्लरवर वेग सेकंदाला १.६ मीटर आला. चार कप्पे ठीक वाटतात. रिपोर्टमध्ये काय लिहावं, फीटल एकोला (बाळाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीला) किती घाईने पाठवावं आणि तोवर आपल्याच मशीनवर आणखी काय पाहता येईल?

उत्तर लांबणार आहे, कारण या एका आकड्यामागे अगदी किरकोळ चूकही असू शकते आणि जन्मानंतर दोन-तीन दिवसांत जिवावर बेतणारा आजारही असू शकतो. दोन्हींतला फरक साध्या मशीनवर बऱ्याच अंशी कळतो.

या वयात एओर्टिक झडपेचं कडं जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. कॅलिपर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे पडला तरी मापात सहाव्या हिश्श्याचा फरक पडतो. एवढ्याशा झडपेकडे टक लावून ती जाड आहे की पातळ, दोन पानांची की तीन पानांची, याचा निकाल लावू पाहणं हा सगळ्यात कमी भरवशाचा रस्ता. झडपेच्या अलीकडचा कप्पा कसा आकसतोय, पलीकडच्या नळीत रक्त कोणत्या दिशेने चाललंय आणि शेजारच्या झडपा काय सांगतायत, हे कितीतरी मोठं आणि ठळक दिसतं. निदान तिथे होतं.

पण आधी १.६ खरा आहे का ते बघा. २० ते २२ आठवड्यांत एओर्टिक झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग साधारण ०.५ ते ०.९ मीटरच्या आसपास असतो. एक मीटर ओलांडला की थांबून बघायचं. सरमिसळीचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कलरचं स्केल. नाळेच्या किंवा साध्या ऑब्स्टेट्रिक प्रीसेटवर ते सेकंदाला २०-३० सेंटीमीटरवर असतं. त्यावर निरोगी झडपही लाल-निळी-पिवळी दिसणार, कारण रक्त स्केलपेक्षा वेगाने जातंय. स्केल ६० ते ८० वर न्या, वॉल फिल्टर वाढवा, कलर गेन ठिपके जाईपर्यंत खाली आणा. एवढं केल्यावर सरमिसळ गेली आणि गुळगुळीत एकरंगी प्रवाह राहिला, तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

दुसरा गुन्हेगार कोन. डॉप्लरची रेषा प्रवाहाशी २० अंशांच्या आत असावी, फार तर ३०. अँगल करेक्शनवर विसंबू नका. खरा कोन ६० असताना मशीनने ०.४ मीटर मोजलं तर दुरुस्त आकडा ०.८ येतो. कर्सर चुकून ७० अंशांवर फिरवला तर तोच ०.४ थेट १.१७ होतो. बाळ तेच, रक्त तेच, आणि आईबापांना रात्रभर झोप नाही. कोन जमत नसेल तर प्रोब सरकवा, आईला कुशीवर वळवा, दहा मिनिटं चालून यायला सांगा. बाळाची पाठ वर असेल तर हट्ट न धरता तासाभराने पुन्हा बघितलेलं बरं.

सॅम्पल गेट, म्हणजे वेग जिथे मोजायचा ती खिडकी, २ ते ३ मिलिमीटरची, झडपेच्या लगेच पलीकडे. बाळ शांत असताना सलग तीन ते पाच ठोके सारखे यायला हवेत, एखादाच उंच ठोका धरू नका. आलेख वरून कापला जाऊन खालून निघत असेल तर बेसलाइन खाली घ्या आणि स्केल वाढवा. मशीनवर कंटिन्युअस वेव्ह असेल तर वेग दोन मीटरच्या पुढे जातोय असं वाटताच ती वापरा, पल्स डॉप्लर तिथे अपुरा पडतो.

मग एक साधी तुलना करा, जी घाईत बहुतेकांची राहून जाते: पल्मनरी झडपेचाही (फुप्फुसांच्या धमनीच्या तोंडाशी असलेल्या) वेग मोजा. दोन्हीकडे वेग वाढलेला असेल तर अडथळा झडपेत नसून सगळं रक्ताभिसरणच जोरात चाललेलं असू शकतं. तेव्हा बाळाच्या मेंदूतल्या मिडल सेरेब्रल आर्टरीचा वेग बघून रक्तक्षयाचा विचार करा. पल्मनरीत ०.७ आणि एओर्टिकमध्ये १.६, असा फरक नीट कोनात दोनदा आला, तर मात्र अडथळा तिथेच आहे असं धरून पुढे चला.

आता चित्र सुधारू. डेप्थ कमी करून छाती पडद्यावर मोठी घ्या, सेक्टर अरुंद करा, एकच फोकस हृदयाच्या पातळीवर ठेवा, पर्सिस्टन्स कमी करा. फ्रेम रेट पन्नासच्या वर असावा. पंचविसाच्या खाली झडपेची हालचाल तुटक दिसते आणि तुम्ही नसलेली जाडी बघता. मग सिने लूप थांबवून एकेक फ्रेम पुढे घ्या. निरोगी एओर्टिक झडपेची पानं व्हेंट्रिकल (रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा) आकसताना भिंतीला चिकटून दिसेनाशी होतात आणि मिटल्यावर मधोमध एक बारीक रेघ उमटते. अरुंद झडपेत उलट दिसतं: रक्त बाहेर पडत असतानाही पानं नळीच्या आत पांढऱ्या रेघांसारखी उभी राहतात, टोकं आत वळून घुमटासारखा आकार होतो आणि पुढची एओर्टा फुगलेली असते. आकसताना पानं दिसत राहणं ही खूण जाडीच्या कोणत्याही मापापेक्षा जास्त भरवशाची आहे. पानं दोन की तीन, याचं उत्तर मात्र या वयात देऊ नका. दोन पानांची झडप पोटात असताना बहुतेक वेळा नजरेतून सुटते, आणि ‘तीन पानं दिसली’ हे विधान पुढे तुमच्याच अंगावर येऊ शकतं.

आता खऱ्या कामाकडे. पोटात असताना बाळाला फुप्फुसांची गरज नसते. उजव्या व्हेंट्रिकलमधून निघालेलं बरंचसं रक्त डक्टसमधून (फुप्फुसांची धमनी आणि एओर्टा जोडणाऱ्या, गर्भात उघड्या असलेल्या नळीतून) थेट खालच्या एओर्टात जातं. त्यामुळे डावी बाजू जवळजवळ बंद पडली तरी उजवी बाजू संसार चालवते, बाळ वाढतं, हालचाल करतं, आईला काहीच जाणवत नाही. जन्मानंतर डक्टस मिटायला लागला की तोच आधार काढून घेतला जातो. म्हणून आपल्याला शोधायचंय ते एवढंच: डावी बाजू अजून स्वतःच्या जिवावर उभी आहे, की उजवीच्या उसन्या रक्तावर चालली आहे?

यासाठी चार जागा बघा. पहिली थ्री व्हेसल ट्रेकिया व्ह्यू. बाळाच्या छातीच्या वरच्या भागात एओर्टाची कमान आणि डक्टसची कमान श्वासनळीच्या डावीकडे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकत्र येतात. कलर लावल्यावर दोन्ही एकाच रंगाच्या हव्यात, दोन्ही निळ्या किंवा दोन्ही लाल. एक निळी आणि एक लाल दिसली, म्हणजे एओर्टाच्या कमानीत रक्त उलटं, डक्टसकडून आत येतंय, तर डावं व्हेंट्रिकल पुरेसं रक्त बाहेर टाकत नाही, हे नक्की. तुमचा १.६ तेव्हा बाजूला राहतो, आजचा आज फोन करायचा. मात्र रंग बघण्याआधी स्केल आणि प्रोबची दिशा तपासा. कमान वळते तिथे कोनामुळे रंग बदलल्यासारखा वाटतो, म्हणून पल्स डॉप्लरचा गेट कमानीत ठेवून दिशा पक्की करा.

दुसरी जागा फोरामेन ओव्हेल, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधलं गर्भातलं छिद्र. त्याचा पडदा डाव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) फडफडायला हवा आणि प्रवाह उजवीकडून डावीकडे. तो उलटा असेल तर डावीकडचा दाब वाढलाय.

तिसरी मायट्रल झडप, डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली. तिच्या आलेखात दोन लाटा हव्यात आणि गर्भात दुसरी, म्हणजे ए लाट, पहिल्या ई लाटेपेक्षा उंच असते. दोन्ही मिसळून एकच आखूड कुबड राहिलं तर व्हेंट्रिकल ताठ झालंय. मायट्रलमधून रक्त मागे गळत असेल तर तेही गंभीर घ्या. ट्रायकस्पिडची (उजवीकडच्या तशाच झडपेची) थोडी गळती निरोगी बाळातही दिसते, मायट्रलची सहसा दिसत नाही.

चौथी खुद्द लेफ्ट व्हेंट्रिकल. प्रश्नात ‘चार कप्पे ठीक’ म्हटलंय, पण ते फ्रीझ केलेल्या चित्रावर की हलत्या? फ्रीझवर फुगलेलं, न आकसणारं व्हेंट्रिकलही ‘ठीक’ दिसतं. दहा-बारा ठोके हलतं बघा. गोल चेंडूसारखा आकार, आतल्या अस्तरावर चकचकीत पांढरा थर, पॅपिलरी स्नायूही पांढरे, आकुंचन सुस्त: हे क्रिटिकल एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे एओर्टिक झडपेचा अतितीव्र अडथळा. पॅपिलरी स्नायूवरचा एकटा पांढरा ठिपका, ज्याला आपण एकोजेनिक फोकस म्हणतो, त्याच्याशी याची गल्लत नको. तो झडपेचा आजार नाही आणि हृदयाच्या कामावर त्याचा परिणाम होत नाही.

आणि इथेच वेगाचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. व्हेंट्रिकल थकलं की ते रक्त जोरात ढकलूच शकत नाही आणि वेग खाली येतो. दोन आठवड्यांपूर्वी २.५ असलेला वेग आज १.२ झाला, तर ती सुधारणा असेलच असं नाही. आकुंचन चांगलं आणि वेग १.६ हे बाळ, आकुंचन मंद आणि वेग १.६ असलेल्या बाळापेक्षा कितीतरी सुस्थितीत असतं. म्हणून वेगाशेजारी ‘आकुंचन चांगलं’ किंवा ‘मंद’ हे शब्द लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नका.

चारही जागा ठीक असतील तर हा सौम्य ते मध्यम अडथळा आहे. फीटल एको आठवड्याभरात करून घ्या आणि पुढे साधारण दर चार आठवड्यांनी. अडथळा वाढू शकतो. २१ आठवड्यांना सौम्य असलेली झडप ३२ आठवड्यांना तीव्र झालेली असू शकते, म्हणून एकदा ‘सौम्य’ म्हटलं की फाईल बंद होत नाही. चारपैकी एक जरी बिघडली असेल तर २४ ते ४८ तासांत पाठवा. कमानीतला उलटा प्रवाह, फोरामेन ओव्हेलचा उलटा प्रवाह, एकलाटी मायट्रल आणि सुस्त व्हेंट्रिकल एकत्र दिसले, तर डावी बाजू वाढायचीच थांबून हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टकडे (हृदयाची डावी बाजू खुजी राहण्याकडे) वाटचाल सुरू झालेली असते.

अशा निवडक बाळांत पोटात असतानाच बलूनने झडप उघडण्याचा पर्याय असतो. आईच्या पोटातून सुई बाळाच्या छातीतून लेफ्ट व्हेंट्रिकलच्या टोकाशी नेतात, तिच्यातून तार आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरतात तसला बारीक बलून झडपेपलीकडे सरकवतात. १९९१ साली लंडनच्या डॉक्टरांनी असे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले, नंतर बॉस्टनमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर झालं. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये द्राक्षाएवढ्या हृदयात बलून फुगवून झडप उघडली, मुख्य टप्पा ९० सेकंदांत उरकला. पालकांना हे सांगताना दोन गोष्टी त्याच दमात सांगा: यात बाळ दगावण्याचा धोका आहे, आणि झडप उघडली तरी पुढे दोन्ही व्हेंट्रिकल कामाची राहतील याची खात्री नाही. पांढरा थर दाट झालेल्या, आखूड राहिलेल्या व्हेंट्रिकलला उशिरा उघडलेल्या झडपेचा फायदा होत नाही, म्हणूनच ही घाई.

इतर झडपांचं थोडक्यात, कारण एक सापडली की बाकीच्या बघायच्याच. पल्मनरी झडपेत हाच हिशेब उजवीकडून लावा: तीव्र अडथळ्यात डक्टसमधला प्रवाह उलटा होतो आणि राइट व्हेंट्रिकलच्या भिंती जाड होतात. ट्रायकस्पिडच्या गळतीचा वेग मिळाला तर वेगाच्या वर्गाला चाराने गुणा. चार मीटर म्हणजे ६४ मिलिमीटर दाबाचा फरक, तेवढा दाब ते व्हेंट्रिकल सोसतंय. जुळ्यांची वार एकच असेल आणि एका बाळाकडे रक्त जास्त जात असेल, तर त्या बाळाची पल्मनरी झडप दर वेळी बघा.

ट्रायकस्पिडची गळती हा रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा विनाकारण भीती घालणारा शब्द आहे. दुसऱ्या तिमाहीत आकुंचनाच्या सुरुवातीलाच दिसणारी, दोन मीटरच्या आतली बारीक गळती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ११ ते १३ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये नियम वेगळा: वेग सेकंदाला ६० सेंटीमीटरच्या वर आणि गळती निम्म्या आकुंचनभर टिकली तरच ती मोजायची, आणि ती डाऊन सिंड्रोमच्या जोखमीच्या हिशेबात धरायची. आठव्या-नवव्या महिन्यात नव्याने गळती दिसली तर आईला पहिलं विचारा, अंगदुखीला कोणती गोळी घेतली? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी डक्टस आकसतो आणि उजवी बाजू फुगते. गोळी बंद केल्यावर बहुतेकदा ते उतरतं.

एब्स्टाइन या जन्मदोषात ट्रायकस्पिडची पानं व्हेंट्रिकलमध्ये खोल उतरलेली असतात. निरोगी हृदयातही ट्रायकस्पिड मायट्रलपेक्षा किंचित टोकाकडे असते, इथे तो फरक ठळक असतो आणि गळतीचा झोत व्हेंट्रिकलच्या खोलातून निघतो. हृदय एवढं वाढतं की फुप्फुसांना जागा उरत नाही. त्यातच पल्मनरी झडपही गळत असेल तर रक्त तिथल्या तिथे गोल फिरत राहतं. ते बाळ फार धोक्यात असतं. याउलट दोन्ही झडपा एकाच पातळीवर, सरळ रेषेत दिसल्या तर मधला पडदा नीट बघा, ती एकच सामाईक झडप असू शकते आणि तिथे डाऊन सिंड्रोमची शक्यता जवळजवळ निम्म्यावर जाते. पल्मनरी झडपच नसलेल्या फॅलोट (एक जन्मजात हृदयदोष) बाळांत धमनीच्या फांद्या फुग्यासारख्या दिसतात आणि रक्त पुढे-मागे हेलकावतं. त्यांची २२ क्यू ११ चाचणी (२२ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालाय का हे बघणारी) करायलाच हवी.

ॲम्निओसेंटेसिस (गर्भजल काढून तपासणं), मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का हे बघणारी चाचणी) याची चर्चा झडपेच्या कोणत्याही मोठ्या दोषात करा. मानेमागची त्वचा जाड आणि पल्मनरी झडप जाडसर असेल तर नूनान सिंड्रोम मायक्रोॲरेवर दिसत नाही, त्यासाठी वेगळं जीन पॅनल लागतं. मातेच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रदोषांची जोखीम बघणाऱ्या एनआयपीटीचा ‘लो रिस्क’ रिपोर्ट हातात असला म्हणून हे टाळता येत नाही.

वेळेचा हिशेब इथे जिवंत आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंगाच्या कारणासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपाताचा निर्णय घेता येतो, त्यानंतर राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं आणि मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. २१ व्या आठवड्यात शंका आली आणि ‘महिन्याने पुन्हा बघू’ लिहिलं, तर त्या जोडप्याचा विचार करायचा वेळ आपण खर्च केलेला असतो. त्यांनी काय ठरवावं हे आपण ठरवायचं नाही, पण माहिती वेळेत त्यांच्या हातात पडली पाहिजे. फीटल एकोसाठीही एफ फॉर्म (गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा) भरावा लागतो आणि मशीन व केंद्र पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली, नोंदलेलं असावं लागतं, हे पाठवण्याआधी विचारून घ्या. खर्चाची बाजूही त्याच भेटीत सांगा: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जन्मजात हृदयविकाराच्या शस्त्रक्रिया आहेत आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही मदत होते. कागदपत्रं बाळंतपणाआधीच जमवलेली बरी.

गर्भ चालू ठेवायचा ठरला तर बाळंतपण लहान मुलांचं हृदयाचं ऑपरेशन होतं तिथे किंवा त्याच्या जवळ. झडपेच्या दोषासाठी म्हणून सिझेरियन लागत नाही आणि लवकर प्रसूती करून फायदा नसतो, ३९ आठवड्यांच्या आसपासचं बाळ ऑपरेशन चांगलं सोसतं. अपवाद अंगात पाणी साठायला लागलेल्या बाळांचा. डक्टसवर अवलंबून असलेल्या बाळाला जन्मताच प्रोस्टाग्लँडिन ई१ हे डक्टस उघडा ठेवणारं औषध चालू करतात. निदान आधीच झालेलं असेल आणि डक्टस अजून उघडा असेल तर मिनिटाला किलोमागे ०.०१ मायक्रोग्रॅमसारखा लहान डोस सहसा पुरतो. डक्टस मिटल्यावर, शॉकमध्ये आलेल्या बाळाला ०.०५ ते ०.१ पर्यंत जावं लागतं आणि तेव्हा श्वास थांबण्याचा धोका वाढतो. प्रवासात हे चालू असेल तर गाडीत श्वासनळीत नळी घालू शकणारा माणूस हवाच.

तुमच्या या केसमध्ये रिपोर्ट मी असा लिहीन: ‘एओर्टिक झडपेतून प्रवाहाचा कमाल वेग १.६ मीटर, कोन २० अंशांच्या आत, तीन ठोक्यांवर. पल्मनरी वेग अमुक. आकुंचनाच्या वेळी पानं दिसतात किंवा दिसत नाहीत. लेफ्ट व्हेंट्रिकलचं आकुंचन चांगलं किंवा मंद, अस्तर पांढरं आहे किंवा नाही. एओर्टाच्या कमानीत प्रवाह पुढे किंवा उलटा. फोरामेन ओव्हेल उजवीकडून डावीकडे किंवा उलट. मायट्रल दोन लाटा किंवा एक. एओर्टिक झडप अरुंद असल्याची शंका, फीटल एको अमुक तारखेच्या आत.’ ‘कोरिलेट क्लिनिकली’ असं लिहू नका, पोटातल्या बाळाचं क्लिनिकली काय ताडून बघणार? तारीख लिहा आणि पुढच्या डॉक्टरांचा नंबर लावून देऊनच जोडप्याला उठू द्या. सोबत फोटो नव्हे, हलत्या क्लिप द्या: चार कप्पे, एओर्टिक झडप कलरसह आणि कलरविना, थ्री व्हेसल ट्रेकिया. पेन ड्राइव्हवर द्या, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या व्हिडिओत फाईल दाबली जाते आणि त्या तीन मिलिमीटरच्या झडपेची पानं पुसट होऊन जातात.